अनुदान : भीक, हक्क की देणे?

आर्थिक वर्षाची अखेर जवळ आली की आपल्या उपनगरांतील लहानमोठ्या सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे एकच विषय येऊन उभा राहतो, आणि तो म्हणजे पैसा. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, विषयपत्रिकेवर इतर विषय कितीही असोत, चर्चा अखेर येऊन ठेपते ती अनुदानाच्या हप्त्यावर, जागेच्या भाड्यावर आणि ग्रंथपालाच्या वेतनावर. अशा सभांतून दोन स्वर हमखास उमटतात. एक सभासद उद्वेगाने म्हणतात, "सरकारच्या दारी किती वेळा झोळी घेऊन जायचे? त्यापेक्षा वाचनालय बंद केलेले बरे." दुसरे तितक्याच आवेशाने उत्तर देतात, "झोळी कसली? आम्ही कर भरतो. तो आमचा हक्क आहे." दोघेही सज्जन असतात, दोघांनीही आपली संध्याकाळ संस्थेसाठी खर्ची घातलेली असते. तरीही त्यांचे मतैक्य होत नाही, कारण त्यांच्यातील वाद हिशेबाचा नसून नीतीचा आहे. अनुदान मागणे म्हणजे भीक मागणे काय? की तो निखळ हक्क आहे? की या दोहोंहून वेगळे असे काही? या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडेच पाहू. 'अनुदान' या शब्दाची फोड केली तर 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. आणि 'दान' म्हणजे देणे. कुणीतरी आधी दिले, त्याच्या पाठोपाठ जे दिले जाते ते अनुदान. म्हणजे अनुदानाच्या आधी एक दान गृहीत आहे. ते कुणी करायचे?

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली निघाले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली. आपल्या उपनगरांत पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाची स्थापना 1923 ची. यांतील एकही संस्था ग्रंथालय-कायद्याची वाट पाहत बसली नव्हती, कारण असा कायदाच तेव्हा नव्हता. वर्गणी गोळा झाली, कुणी जागा दिली, कुणी आपल्या घरचे कपाट दिले, आणि संस्था उभी राहिली. आधी लोकांनी दिले. राज्य पुष्कळ नंतर आले.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हे तत्त्व हेतुपूर्वक योजनेत उतरविले. 1910 साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. त्या योजनेचे मर्म असे होते की गावकऱ्यांनी जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच संस्थानाने. एका रुपयाचे तीन रुपये होत. परंतु तो पहिला रुपया गावाचाच असावा लागे. महाराजांची तिजोरी रिकामी होती म्हणून ही अट घातली नव्हती. ज्या वाचनालयात आपला रुपया नाही ते आपले वाटत नाही, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि 1 मे 1968 पासून तो अंमलात आला. या कायद्याने महाराष्ट्राने एक विशिष्ट मार्ग पत्करला. मद्रास राज्याने 1948 च्या आपल्या कायद्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालय-उपकर बसविला. नागरिक घरपट्टी भरताना ग्रंथालयाचेही देणे भरतो. कर्नाटकाने 1965 च्या कायद्याने उपकराचाच मार्ग धरला. गोव्याने 1993 च्या कायद्यान्वये मद्यावरील अबकारी करावर अधिभार लावून ग्रंथालयांसाठी निधी उभारण्याची सोय केली. महाराष्ट्राने मात्र उपकर लावला नाही. येथे ग्रंथालये चालवितात त्या लोकांच्या नोंदणीकृत संस्था. शासन त्यांना मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरविते आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान देते. मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, आणि तेही ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत, असा त्याचा साधारण नियम आहे. उरलेला दशांश संस्थेने उभा करावयाचा. म्हणजे बडोद्याच्या योजनेतील 'पहिला रुपया' येथेही आहे. फक्त त्याचा आकार आक्रसला आहे.

या दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती, याचा निवाडा आम्ही येथे करू इच्छित नाही. उपकर असला की निधीला कायद्याचा आधार लाभतो, परंतु वाचनालय हे पाणीपुरवठ्यासारखे एक खाते होऊन बसण्याचा धोका असतो. संस्थांच्या हाती कारभार असला की जिव्हाळा राहतो, परंतु दरवर्षी मंजुरीची वाट पाहावी लागते. मात्र एक गोष्ट दोन्ही पद्धतींत समान आहे. पैसा शेवटी लोकांचाच असतो. म्हणून 'भीक' हा शब्द येथे लागू पडत नाही. जो पैसा आपण सर्वांनी मिळून तिजोरीत घातला, त्यातील वाटा सर्वांच्या उपयोगाच्या कामासाठी मागणे यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. ॲरिस्टॉटलने न्यायाचे जे प्रकार सांगितले त्यांत वितरणाचा न्याय हा एक आहे : सामाईक धनाची वाटणी योग्य प्रमाणात व्हावी. अनुदान हा दानधर्माचा नव्हे, तर या वितरणाच्या न्यायाचा विषय आहे.

हे एकदा मान्य केले की मात्र शासनावर आणि आपल्यावरही काही जाचक प्रश्नांची उत्तरे देण्याची पाळी येते. शासनावरील प्रश्न आधी घेऊ.

2012 नंतर जवळजवळ दहा वर्षे अनुदानाचे दर तेच राहिले होते. 2022 साली त्यांत साठ टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला आणि 'ड' वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपयांवरून 48,000 रुपये झाले. वाढ स्वागतार्हच. परंतु आकडा जरा उलगडून पाहावा. अनुदानाचा अर्धा भाग वेतनावर आणि अर्धा वेतनेतर बाबींवर खर्च करावा असा दंडक आहे. म्हणजे 48,000 रुपयांतील 24,000 वेतनासाठी. वर्षाचे बारा महिने. महिन्याला 2,000 रुपये. वाढीपूर्वी हीच रक्कम महिना 1,250 रुपये होती. 'अ' वर्गाच्या इतर ग्रंथालयास याच निर्णयाने 2,88,000 ऐवजी 4,60,800 रुपये ठरले. त्यातील वेतनाचा अर्धा भाग महिन्याला 19,200 रुपये होतो, आणि तोही एकाहून अधिक सेवकांत वाटावा लागतो.

शिवाय हे दर वर्गानुसार ठरतात, गावानुसार नाही. जिल्हा, तालुका आणि इतर अशी जी विभागणी नियमांत आहे तिच्यामागे ग्रामीण महाराष्ट्राचा नकाशा दिसतो. मुंबई उपनगर जिल्हा 1990 साली वेगळा झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीनच तालुके. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांवर होती. घाटकोपर आणि मुलुंड ही दोन्ही स्थाने कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तेथील किती रहिवाशांना ठाऊक असेल? कोकणातील एखाद्या वाडीतले 'ड' वर्गाचे वाचनालय आणि घाटकोपरच्या चाळीतील दोन खोल्यांचे 'ड' वर्गाचे वाचनालय यांना सारखीच रक्कम मिळते. वरवर पाहता ही समता आहे. परंतु वाडीतले वाचनालय देवळाच्या पडवीत किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत चालू शकते; घाटकोपरचे भाडे, वीजबिल आणि इमारत पुनर्विकासाला गेली की उद्भवणारा जागेचा प्रश्न यांची तुलना त्याच्याशी होऊच शकत नाही. सर्वांना सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याची जशी गरज आणि जसे कार्य त्या प्रमाणात देणे हा न्याय. वाडीचे काढून उपनगराला द्यावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मोजमापच नव्याने करावयास हवे, इतकेच.

आता आपल्यावरील प्रश्न. वर जे महिना 2,000 रुपये म्हटले, त्या रकमेत एक मनुष्य रोज ठरावीक तास दार उघडतो, पुस्तके देतो-घेतो, नोंदी ठेवतो, झाडलोटही करतो. संस्था त्यात आपली भर घालते तेथे ठीक. पण जेथे ती घालीत नाही तेथे काय होते? तेथे वाचनालयाची तूट कुणीतरी भरून काढीतच असते, आणि ती भरणारा तो ग्रंथपाल असतो. त्याच्या श्रमाचे जे मोल द्यावयास हवे होते आणि दिले गेले नाही, तेवढी देणगी तो दरमहा संस्थेला देत असतो. भिंतीवरील संगमरवरी फलकावर पाच हजारांपासून पुढच्या देणगीदारांची नावे कोरलेली असतात. सर्वांत मोठ्या देणगीदाराचे नाव तेथे नसते. शिवाय ही देणगी त्याने स्वेच्छेने दिलेली नसते.

कुणी म्हणेल, "तो कबूल होऊनच कामाला आला ना?" या युक्तिवादास पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या आपल्या परिपत्रात उत्तर देऊन ठेवले आहे. गरजेपोटी माणूस कोणत्याही मोलाला राजी होतो. म्हणून केवळ तो राजी झाला एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. हा विचार कारखान्यांना लागू करताना आपल्याला अडचण वाटत नाही. मग ज्ञानदानाचे पवित्र कार्य म्हणून आपण जे चालवितो तेथे तो सोयीस्करपणे विसरता येईल काय? कार्य पवित्र असले म्हणजे वेतनचिठ्ठी अपुरी चालते, असा नियम कोणत्याही नीतिशास्त्रात नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. वर्ग टिकवावयाचा तर ग्रंथांची, सभासदांची, नियतकालिकांची अमुक इतकी संख्या दाखवावी लागते. प्रत्यक्षात सभासद घटलेले असतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले दाटीने बसतात, पण कादंबऱ्यांच्या कपाटाकडे फिरकत नाहीत. मग मोह होतो : दहाच्या जागी पंधरा लिहिले तर काय बिघडले? पैसा कुणाच्या खिशात थोडाच जाणार आहे? पुस्तकांनाच लागणार ना! 2012 साली राज्यभरातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली, तेव्हा अनेक ग्रंथालये निकषांस उतरत नसल्याचे दिसून आले. त्यांतील काही केवळ कागदावरची होती. परंतु काही चांगल्या हेतूने चाललेली आणि चांगल्या हेतूनेच आकडे फुगविणारीही असतील.

सत्कार्यासाठी असत्य चालेल काय, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी स्वतंत्र ग्रंथ लिहून हाताळला आणि ठामपणे नकार दिला. त्यांच्या कठोरतेबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु येथे त्या सूक्ष्म वादात शिरण्याचीही गरज नाही, कारण या असत्याला बळी पडणारा माणूस दाखविता येतो. त्या पडताळणीनंतर नवीन ग्रंथालयांना मान्यता देणे आणि वर्ग वाढविणे दीर्घकाळ थांबले. त्या काळात उपनगरांच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. तेथील एखाद्या उत्साही मंडळाने खरोखरीच पुस्तके जमवून दार उघडले असेल, त्याला मान्यतेचा दरवाजा बंद आढळला. ज्यांनी खोटी नोंद केली त्यांना वाटले होते की आपण सरकारला फसवीत आहोत. प्रत्यक्षात त्यांनी त्या नव्या वसाहतीतल्या मुलाचे पुस्तक काढून घेतले. सामाईक निधीत खोटेपणा केला की त्याचा भार आपण ज्याला कधी पाहिलेही नाही अशा शेजाऱ्यावर पडतो.

मग शासनावर विसंबू नये, खासगी धन शोधावे, असे अनेकांस वाटते. ते शोधावेच. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हे आपल्या बहुतेक कार्यकारी मंडळांना माहीतही नसते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीपासून मुलुंडच्या कारखान्यांपर्यंत उद्योगांच्या सावलीत राहणाऱ्या उपनगरांनी तरी हा मार्ग ओळखून घ्यावा. त्यासाठी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण आणि आयकर खात्याची आवश्यक प्रमाणपत्रे अद्ययावत हवीत. 2021 पासून अशा संस्थांना कंपनी निबंधकांकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून ग्रंथ, इमारत व साधनसामग्रीसाठी साहाय्य देत आले आहे. त्याच्या समान निधी योजनेत राज्याच्या वाट्याला जोडून प्रतिष्ठान आपला वाटा घालते. म्हणजे पुन्हा तोच पाठोपाठ देण्याचा न्याय.

परंतु खासगी धनाबरोबर एक जुना प्रश्न येतो : हा पैसा आला कोठून? आपली मुंबई या प्रश्नावर फार निर्मळ बोलू शकत नाही. काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाची देखणी वास्तू 1870 ची; ससून घराण्याची संपत्ती कापसाबरोबरच चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि त्यावरील राजाबाई मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली ती कापसाच्या तेजीच्या दिवसांत. त्याच तेजीने चढविलेला शेअरांचा बाजार 1865 साली कोसळला आणि असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांच्या धनातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. पण 1892 साली होमस्टेड येथील त्यांच्या पोलाद कारखान्यातील संपात रक्त सांडले होते, आणि ज्या कामगाराला बारा तासांच्या पाळीनंतर उभे राहवत नाही त्याने वाचावे केव्हा, असा सवाल त्याच परिसरात उभारलेल्या ग्रंथालयाबाबत विचारला गेला.

तर मग असे धन नाकारावे काय? आम्हांस वाटते, प्रत्येक रुपयाची वंशावळ तपासत बसलो तर सरकारी रुपयाही हाती धरता येणार नाही. गोव्यात तर वाचकाच्या पुस्तकात मद्यपीचा वाटा कायद्यानेच घातला आहे. ससून ग्रंथालयात दीडशे वर्षे जे वाचक बसले त्यांनी अफू विकली नाही. परंतु देणगी स्वीकारणे आणि देणगीदाराविषयी मौन स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या बिल्डरने चाळ पाडताना भाडेकरूंना रस्त्यावर आणले, त्याने वाचनालयाला खोली देऊ केली, आणि त्या बदल्यात त्या भाडेकरूंची बाजू मांडणारी सभा वाचनालयात होऊ नये अशी अपेक्षा धरली, तर ती खोली खोली नव्हे. तो मोबदला होय. म्हणून देणगीचा प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारावेत. पुस्तकांची निवड कोण करणार? कोणत्याही वाचकाला दार बंद होणार काय? आणि उद्या हा हात आखडला तर वाचनालय उभे राहील काय? पहिल्या दोहोंचे उत्तर प्रतिकूल असेल तर देणगी नम्रपणे परत करावी. तिसऱ्याचे प्रतिकूल असेल तर आधी आपले घर सावरावे. कार्नेगींच्या योजनेतील एक अट येथे आठवण्याजोगी आहे : इमारतीसाठी ते जेवढी रक्कम देत तिच्या दशांशाइतका खर्च त्या नगराने दरवर्षी स्वतः करावा अशी हमी ते आधी घेत. देणाऱ्यालाही कळत होते की केवळ देण्याने वाचनालय जगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोप पायस अकरावे यांनी 1931 साली समाजरचनेचे एक तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. मोठ्या सत्तेचे काम आधार देण्याचे. या तत्त्वाची दुसरी बाजू अशी की लहान समूहानेही आपले काम टाकून देऊन आधाराच्या नावाखाली मोठ्या सत्तेच्या खांद्यावर बसू नये. झोळी म्हणणारे गृहस्थ पहिली बाजू विसरतात. आधार देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. केवळ हक्क म्हणणारे दुसरी विसरतात. हक्क आहेच, पण तो आपण आधी काही दिले या पायावर उभा आहे. अनुदान म्हणजे राज्याने लोकांच्या देण्याला दिलेला प्रतिसाद होय.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी संस्थेचा दशांश. तो वर्गणीतून, स्थानिक वाचकांकडून, वाढदिवसाच्या वा स्मृतिदिनाच्या लहान देणग्यांतून खरेपणाने उभा राहावा. मग शासनाचे अनुदान; त्यासाठी खरी नोंद, आणि दर वाढवून मिळावेत म्हणून निर्भीड मागणी. त्यानंतर प्रतिष्ठाने आणि कंपन्या. हा क्रम उलटला, म्हणजे प्रथम बाहेरचे धन शोधले आणि आपला वाटा कागदावरच दाखविला, की वाचनालय देणाऱ्याच्या मर्जीवर चालू लागते.

वाचकहो, या अंकाचा वाचक म्हणजे कोणत्या ना कोणत्या वाचनालयाचा सभासद, आजचा किंवा कालचा. तेव्हा एक विनंती करून हे विवेचन पुरे करतो. आपल्या वाचनालयाच्या पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेला अवश्य जावे. ताळेबंद हाती आला की अनुदान किती मिळाले हे पाहण्याआधी वेतनाच्या ओळीवर बोट ठेवावे, तिला बाराने आणि मग सेवकांच्या संख्येने भागावे, आणि जो आकडा येईल तो सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. त्यानंतर आपण दरमहा किती देऊ शकतो हे सांगावे. सरकारकडे काय मागावयाचे याचा ठराव त्यानंतर लिहिला तर त्यातील शब्दांना वजन येईल.